परिग्रह-परिमाण आणि लोकप्रतिनिधी



श्रावकाच्या पाच अणुव्रतांमध्ये परिग्रह-परिमाण हे पाळण्यास फार कठीण. सत्तेच्या सान्निध्यात तर विशेषच. सांगोल्याचे दिवंगत आमदार गणपतराव देशमुख जन्माने जैन नव्हते, तरी या व्रताच्या विवेचनात त्यांचे स्मरण अप्रस्तुत ठरू नये.

शेतकरी कामगार पक्षातर्फे १९६२ साली ते प्रथम विधानसभेत गेले. २०१४ पर्यंत त्याच पक्षातर्फे, त्याच सांगोल्यातून ते ११ वेळा निवडून आले. पराभव दोनच. १९७२ चा १९७४ च्या पोटनिवडणुकीत भरून निघाला. १९९५ चा तर अवघ्या १९२ मतांचा होता, आणि १९९९ मध्ये मतदारांनी त्यांना पुन्हा बोलावले. १९७८ व १९९९ मध्ये मंत्रिपदही लाभले. दरम्यान पक्ष राज्यात ओसरत गेला, अनेक सहकाऱ्यांनी अन्यत्र आसरा शोधला. हे मात्र हलले नाहीत. अशी निष्ठा व्यवहाराच्या हिशेबात तोट्याचीच दिसते.

त्यांचा मुंबईचा प्रवास पुष्कळदा एस.टी.ने होई. सांगोला तालुका अवर्षणग्रस्त. तेथे सहकारी सूतगिरणी उभी करून ती त्यांनी काटकसरीने चालविली. कृष्णेच्या पाण्यासाठी नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासमवेत आटपाडीच्या पाणी परिषदेतून ते वर्षानुवर्षे झगडले. टेंभू योजनेचे पाणी तालुक्यात पोहोचलेले त्यांना पाहता आले. नव्वदी ओलांडल्यावर, २०१९ मध्ये त्यांनी उमेदवारी नाकारली. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचे देहावसान झाले.