आलेख शून्यापासून काढा



माझ्या वर्गात एका मुलीने फळ्यावर दोन स्तंभ काढले. २००१च्या जनगणनेतली साक्षरता: देशाची ६४.८ टक्के, मुस्लिमांची ५९.१. उभा अक्ष तिने ५५पासून सुरू केला होता. आपला स्तंभ निम्म्याहूनही लहान दिसला. वर्ग गप्प झाला.

मी म्हटलं, "बेटा, शून्यापासून काढ." मग ५.७ अंकांचा फरक तेवढाच दिसला. शीर्षक, वर्ष, वयोगट (७ वर्षे व पुढे), अक्षांची नावं, प्रमाण, आकडे कुठले, हे सगळं तिच्याकडून लिहून घेतलं.

दोस्तांनो, आपलं मागे राहणं खरं आहे. ते फुगवायची गरज नाही. एक आलेख फसवा निघाला, की आपलं खरं म्हणणंही कोणी ऐकत नाही.