वसईचा दुभाष्या : संत गोन्सालो गार्सिया
(जुबिली महोत्सवात दिलेले व्याख्यान)



सन १५९६ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी दादर येथे साल्वेशन मातेचे ख्रिस्तमंदिर स्थापिले. आज लोक त्यास पोर्तुगीज चर्च म्हणतात. सध्याची वास्तू अर्वाचीन असली तरी स्थापना तेव्हाची. त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यात, दूर जपानातील क्योटो नगरीत, त्याच फ्रान्सिस्कन संघाच्या मठाभोवती राजाज्ञेने पहारे बसले. आत जे संघबंधू होते त्यांत एक आपला वसईकर होता. हा योग केवळ योगायोग असेल. मला मात्र तो फार गोड वाटतो.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईस झाला. पिता पोर्तुगीज, माता याच कोकणपट्टीतील. येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत ते शिकले व कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर जपानास गेले. तेथील भाषा त्यांनी अशी आत्मसात केली की ते उत्तम धर्मशिक्षक झाले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची उत्कट इच्छा होती. ती फलद्रूप झाली नाही. मग त्यांनी व्यापार आरंभिला, आणि तो भरभराटीसही आला. परंतु पैशाने अंतःकरण भरेना. अखेर मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात साधे संघबंधू म्हणून दाखल झाले. ते धर्मगुरू कधीच नव्हते, हे ध्यानात असू द्यावे.

१५९३ मध्ये फादर पीटर बाप्टिस्ट हे फिलिपाइन्सच्या राज्यपालाचे वकील होऊन जपानच्या सत्ताधीश हिदेयोशीकडे निघाले, तेव्हा दुभाष्या म्हणून गोन्सालो बरोबर गेले. दुभाष्याचे काम वरकरणी हलके दिसते, पण ते तसे नाही. बोलणारा दुसरा, ऐकणारा तिसरा, आणि मधल्या माणसाच्या एका शब्दावर सर्वांचे प्राण. त्याने स्वतःचे मोठेपण मध्ये आणता कामा नये. क्योटोमध्ये या संघाने मंदिर उभारले, कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये काढली. तेथील दुःखितांचे गाऱ्हाणे परदेशी धर्मगुरूंच्या कानी घालण्यास हीच जिव्हा उपयोगी पडली.

१५९६ च्या शरदात ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यास लागून फुटले. त्यातून राज्यकर्त्यांच्या मनात परकीयांविषयी संशय बळावला आणि धरपकड झाली. जानेवारीत बंदिवानांचे डावे कान छेदण्यात आले. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याचे ऐकून तिसऱ्यास सांगितले, त्याच्या कानावर शस्त्र चालले! नंतर ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर चालवीत त्यांना नागासाकीस नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. त्यांपैकी वीस जण जपानी होते, कित्येक साधे संसारी जन, आणि लुई हे बालक तर अवघे बारा वर्षांचे. भाले छातीत शिरले. त्या घटकेस गोन्सालोंना कोणाचेच भाषांतर करावयाचे नव्हते. १६२७ मध्ये त्यांना धन्य व ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संत म्हणून घोषित केले. भारतात जन्मलेले ते पहिले संत होत.

आता आपल्या घरी येऊ. आपल्या धर्मग्रामात मराठी, कोंकणी व इंग्रजी बोलणारे एकाच छताखाली गुडघे टेकतात, आणि बाहेर पडताच तीन दिशांना पांगतात. गतवर्षी एका वृद्ध मातेस अंतिम संस्कार देण्यास मी गेलो. तिने मराठीत ‘नमो मरिये’ आरंभिली. भोवती उभ्या नातवंडांना ‘आमेन’पलीकडे एक शब्दही म्हणता आला नाही. मुले गुणी होती, रडत होती. परंतु आजीच्या प्रार्थनेत तिला सोबत नव्हती. तेथे दुभाष्या कोण? कारखान्यांच्या चाळी गेल्या, तेथे गगनचुंबी इमारती आल्या, याचा दोष मी कोणास देत नाही. पण एका पिढीच्या ओठांवरील प्रार्थना दुसरीच्या ओठांवर नेण्यास धर्मगुरूची दीक्षा लागत नाही. वसईच्या त्या संघबंधूसही ती नव्हती.

येत्या रविवारपासून दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात मराठी जपमाळेचा अर्धा तास राहील. आजी-आजोबांनी पुढे बसावे व प्रत्येकाने एकेक नातवंड बरोबर आणावे. पुस्तके मी देईन.