गुलाब की मोगरा?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चैत्रातल्या हळदीकुंकवाला अत्तर कोणते आणावे, यावरून आपल्यात दोन तट पडले आहेत. मी गुलाबाच्या बाजूने बोलणार आहे. मोगरा मला आवडत नाही असे मात्र कोणी समजू नये.

मोगऱ्याची कळी खुडल्यावरही जिवंत असते. ओल्या फडक्यात ठेवली तरी संध्याकाळी उमलते आणि मग तिचा वास सुटतो. गुलाबाचे तसे नाही. ऊन चढले की त्याचा सुगंध उडू लागतो. म्हणून पहाटे तोडून लगोलग भट्टीवर चढवावा लागतो. उत्तर प्रदेशातील कनौजला तांब्याच्या डेगेत फुले व पाणी घालून झाकण मातीने लिंपतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते आणि तेथल्या चंदनतेलात मुरते. निव्वळ गुलाबतेल एक किलो हवे, तर तीन-चार हजार किलो फुले लागतात! गुलाबपाण्यावरचा हा तेलाचा तवंग नूरजहानच्या आईने प्रथम टिपला, असे जहांगीर बादशहाने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. म्हणजे शोध बाईचाच, बरे का.

आता आपल्या दारव्ह्याचे पाहा. चैत्रात मोगरा आपल्या दारीच फुलतो. त्याचे गजरे द्यावेत. अत्तर विकत कशाला? शिवाय आपल्याकडचा उन्हाळा, भरलेली खोली, त्यात प्रत्येकीच्या हाताला मोगऱ्याचे अत्तर! निम्म्या जणी डोके धरून घरी जातील.

गुलाब महाग पडतो, हा आक्षेप खरा आहे. पण अत्तराची कुपी लहान घ्यावी आणि गुलाबदाणी भरून शिंपावी. घेताना मात्र सावध असावे. चंदनतेल महागल्यामुळे पुष्कळ ठिकाणी पॅराफिनच्या तेलात नुसता वास मिसळून देतात. दुकानात पाच बाटल्या हुंगून नाक बधिर करू नये. एकच थेंब मनगटावर लावावा, बाजारहाट उरकावा आणि तासाभराने पुन्हा वास घ्यावा. तेव्हाही गुलाबच असेल तर पैसे मोजावेत.

आणखी एक. कुंकवाची कोयरी फिरते तेव्हा काही जणी भिंतीशी सरकून बसतात, ते आपण सर्वजणी पाहतो व पाहिले नाहीसे करतो. अत्तर-गुलाबाला सवाष्णीची अट आपण तरी घालू नये. यंदा गुलाबदाणी माझ्या हाती द्यावी. मी भिंतीकडूनच सुरुवात करीन.