कोंड नावाचं गाव शोधताना

आजचा एपिसोड जरा वेगळा आहे. नेहमीसारखं कोडिंग, इंटरव्ह्यू, पॅकेज वगैरे काही नाही. आज माझ्या एका चुकीबद्दल बोलायचंय. ही चूक कोडमधली असती तर रोलबॅक मारून मोकळा झालो असतो. पण ती एका पंच्याऐंशी वर्षांच्या आजींच्या देवघरापर्यंत जाऊन पोचली.

सुरुवातीपासून सांगतो. माझ्या टीममध्ये मॉरिशसचा एक मुलगा आहे. आम्ही रोज व्हिडिओ कॉलवर भेटतो. एकदा मी गणपतीची सुट्टी टाकली, तर हा म्हणतो, "आमच्याकडे पण सुट्टी आहे." मला वाटलं मस्करी करतोय. पण खरंच, मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. आणि हा गडी मराठी! घरात क्रिओल बोलतात, पण आरती मराठीत. आपल्या कोकणातला जाखडी नाच तिकडे 'झाकरी' म्हणून अजून जिवंत आहे.

हे लोक तिकडे गेले कसे? 1834 मध्ये ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करायचा कायदा लागू झाला. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. 2 नोव्हेंबर 1834 ला 'अ‍ॅटलास' नावाचं जहाज कलकत्त्याहून 36 मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. पुढच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत भारतातून जवळजवळ पाच लाख माणसं त्या बेटावर उतरली. करारावर अंगठा लावायचा आणि निघायचं. 'अ‍ॅग्रीमेंट'चं झालं 'गिरमिट', म्हणून हे गिरमिटिये. बहुतेक जण कलकत्ता आणि मद्रास बंदरातून गेले. मुंबईहून त्या मानाने कमी, पण त्यात आपल्या रत्नागिरीकडचे बरेच. पोर्ट लुईचा तो धक्का आज 'आप्रवासी घाट' म्हणून ओळखला जातो. 2006 पासून तो जागतिक वारसा स्थळ आहे.

तर या मित्राच्या आजीची एकच इच्छा होती: आपला मूळपुरुष कोणत्या गावचा, ते कळावं. मित्र मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गेला. तिथे स्थलांतरितांच्या जुन्या नोंदवह्या जपून ठेवल्यात. तिथून त्याला एक कागद मिळाला आणि त्याने त्याचा फोटो मला पाठवला.

मी त्या कागदाकडे बराच वेळ बघत बसलो. प्रत्येक माणसाला एक नंबर. मग नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा, गाव, जहाज, आल्याची तारीख. याचं वय 22. डाव्या गुडघ्यावर जखमेचा व्रण. आडनाव नाही. आडनाव लिहायची पद्धतच नव्हती. पुढे त्याचं पाळण्यातलं नावच सगळ्या घराण्याचं आडनाव झालं. मॉरिशसमध्ये अशी किती तरी घराणी आहेत.

इथे एक टेक्निकल गोष्ट सांगतो, कारण अशी शोधाशोध करताना सगळे इथेच फसतात. नावावरून माणूस शोधायला जाऊ नका. एकाच जहाजावर चार रामा आणि तीन विठू असायचे. खरी ओळख म्हणजे तो नंबर. आपल्या भाषेत प्रायमरी की! मळा बदलला, लग्न झालं, मूल झालं, माणूस वारला, तरी कागदोपत्री तोच नंबर मागे चालत राहतो. 1860 च्या दशकात तर जुन्या मजुरांना फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगायची सक्ती झाली, आणि त्यावरही हाच नंबर. मित्राने आजीपासून मागे जात, एकेक जन्मनोंद जुळवत तो नंबर गाठला होता. त्याचं काम चोख होतं. घोळ मी घातला.

जिल्हा स्पष्ट होता, रत्नागिरी. जुन्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये, 'रटनाघेरी' वाचावं असं. गावाच्या रकान्यात 'कोंड' असं काहीतरी आणि पुढे शाई फुटलेली. परगण्याच्या रकान्यात तर नुसता गिचमिड गोळा. तो मी सोडून दिला.

मग काय, इंजिनिअरचं डोकं! जनगणनेची गावांची यादी घेतली. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा 1981 पर्यंत रत्नागिरीतच होता, म्हणून दोन्ही जिल्हे घेतले. त्यावर लेव्हेनस्टाइन डिस्टन्स लावलं. म्हणजे एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती अक्षरं बदलावी लागतात, ते मोजायचं. एका शनिवारी दुपारी स्क्रिप्ट चालवली. सगळ्यात वर आलं कणकवलीकडचं कोंडये. खाली राजापूरचं कोंड्ये, त्याखाली संगमेश्वरचं कोंडिवरे. पहिल्याचा स्कोअर मस्त होता. मी लगेच मित्राला मेसेज टाकला, "सापडलं रे! कणकवली." सोबत मॅपची लिंकही.

'बहुधा' हा शब्द मी लिहिला नाही. आजचा सगळा एपिसोड त्या एका शब्दाबद्दल आहे.

दोन महिन्यांनी गणपतीला लांज्याजवळच्या माझ्या गावी गेलो. शेजारच्या आजोबांना कौतुकाने मोबाइलवर तो कागद दाखवला. म्हटलं, बघा, कोंड नावाचं गाव शोधून काढलं. आजोबा हसले. म्हणाले, "अरे, कोंड म्हणजे गाव नव्हे, वाडी ती. आमच्याकडे गावोगावी कोंड आहेत."

माझ्या पोटात गोळा आला. मी कोकणातला, मला हे माहीत असायला हवं होतं. पण यादीत फक्त महसुली गावं होती, वाड्या नव्हत्याच. जे यादीत नाही ते स्क्रिप्टला कुठून सापडणार?

रात्री झोप लागेना. परत कागद उघडला आणि तो सोडून दिलेला रकाना मोठा करून बघितला. 'एस-यू-एन-जी' आणि पुढे अस्पष्ट. मी तेव्हा ते 'सुंग' असं वाचून सोडलं होतं. पण त्या काळचे इंग्रज कारकून कानाला ऐकू येईल तसं लिहायचे आणि आपल्या 'अ'साठी 'यू' वापरायचे. 'रटनाघेरी'मध्ये पण तोच 'यू'! म्हणजे सुंग नाही, संग. संगमेश्वर.

कणकवली चूक होती. आणि संगमेश्वर धरलं, तरी कोंडिवरे म्हणायचं की एखाद्या गावाचा कोंड, हे त्या कागदावरून ठरत नाही.

दुसऱ्या दिवशी फोन केला. सगळं सांगितलं. तो गप्प झाला. मग म्हणाला, "आजीने ते गावाचं नाव कागदावर लिहून देवघरात ठेवलंय. सगळ्या नातेवाइकांना सांगून झालंय." मी सॉरी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

म्हटलं, आजींना मीच सांगतो. व्हिडिओ कॉलवर त्या समोर बसल्या, डोक्यावर पदर. मी मराठीत सांगत होतो, अडेल तिथे मित्र क्रिओलमध्ये समजावत होता. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "गाव चुकलं. पण माणूस तोच ना?"

म्हटलं, "हो आजी. माणूस शंभर टक्के तोच. नंबर जुळलाय."

"गुडघ्याला लागलेला?"

"हो. तोच."

त्यांनी मान हलवली. आणि नातवाला देवघरातला कागद आणायला सांगितला.

तर मंडळी, तुमच्याही घरात कुणी आफ्रिकेला, मॉरिशसला, कुठे बोटीवर गेलेलं असेल, तर शोधा. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, रेकॉर्ड करून ठेवा. मग मागे मागे एकेक पिढी जोडत जा, उडी मारू नका. वाचता न आलेला रकाना सोडून देऊ नका. आणि खात्री नसेल तर 'बहुधा' म्हणा. आपल्यासाठी तो एक सर्च रिझल्ट असतो, समोरचा तो देवघरात ठेवतो.

मित्र दिवाळीत येतोय. कोंडिवऱ्यापासून सुरुवात करू, मग आसपासचे कोंड पालथे घालू. तिथे काय होतं ते सांगेनच. तोपर्यंत काळजी घ्या, आणि आज रात्री आजी-आजोबांना एक फोन नक्की करा. भेटू!