‘माझा आता काय उपयोग?’

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला : ‘जगापुढची संकटं आणि माणसाचं मन’. मी मानसशास्त्र शिकलेली नाही. इंजिनियरिंग केलं आणि वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली. म्हणून मी जगाकडे आपल्या जालना जिल्ह्यातूनच बघणार आहे. संकट म्हणजे काय, हे आपल्याकडे वेगळं शिकवावं लागत नाही. पाण्याच्या टँकरमागे घागर घेऊन पळालेली निम्मी तुकडी इथे बसली आहे.

मला सांगायचं आहे ते एवढंच. संकट आधी पाणी नेतं, पीक नेतं, नोकरी नेतं. ते सगळं सोसून माणूस उभा राहू शकतो. पण ‘माझी आता कुणाला गरज नाही’ हे एकदा मनात बसलं, की त्याचं उभं राहणं फार अवघड होतं.

आपल्या सगळ्यांच्या घरात बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी आहेत. अमेरिकेतून आलेली लाल मिलो, सुकडी, दावणीची जनावरं मिळेल त्या किमतीला विकणं. १९७३च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. रस्ते, नालाबांध, पाझर तलाव, खडी फोडणं. त्यात बायकांची संख्या मोठी होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर रुजली. १९७७ला तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. काम मागणाऱ्याला काम देणं सरकारवर बंधनकारक झालं.

माझी आजी त्या कामावर होती. ती दुष्काळाचं सांगायला लागली की उपाशी झोपल्याचं सांगायची, हाताला आलेल्या फोडांचं सांगायची, आणि मग न चुकता सांगायची, की तो पाझर तलाव आम्ही बांधला. ‘सरकारने बांधला’ असं ती कधी म्हणाली नाही. तिच्या दुष्काळात भूक होती, अपमानही असेल, पण ‘माझा काय उपयोग’ हा प्रश्न नव्हता. रोज सकाळी मुकादम हजेरी घ्यायचा आणि त्यात तिचं नाव होतं.

आता जरा लांब जाऊ. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं एक गाव आहे. सगळं गाव एका कापड गिरणीवर जगायचं. १९२९ साली जागतिक मंदी आली आणि लवकरच ती गिरणी बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या तरुण अभ्यासकांनी त्या गावाचा बारकाईने अभ्यास केला. १९३३ साली त्यावर त्यांचं पुस्तक निघालं. त्यांना वाटलं होतं, की रिकामा वेळ मिळाल्यावर लोक वाचतील, सभांना जातील, काही नवं करतील. झालं उलटंच. वाचनालयाची वर्गणी काढून टाकली होती, तरीही दोन वर्षांत पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. रस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेग त्यांनी घड्याळ लावून मोजला, तर पुरुष बायकांपेक्षा हळू चालत होते. बायकांना घरी चूल होती, पोरं होती. पुरुषांना पोचायचं होतं कुठे? दिवसभरात काय केलं, असं विचारलं तर त्यांना धड सांगताही येईना.

हे वाचताना मला आपल्याकडचे चावडीवरचे, पारावरचे तरणे पोरगे दिसले. त्यांच्या हातात मोबाईल आहे, एवढाच फरक.

त्याच काळात त्याच व्हिएन्नात व्हिक्टर फ्रँकल नावाचे तरुण डॉक्टर होते. पुढे ते नाझींच्या छळछावण्यांतून वाचले आणि त्यांचं पुस्तक जगभर वाचलं गेलं. पण त्याआधी त्यांनी बेकारीने खचलेल्या लोकांवर काम केलं होतं. त्यांचं निरीक्षण असं, की नोकरी गेली म्हणजे आपण निरुपयोगी आणि निरुपयोगी म्हणजे जगण्याला अर्थ नाही, असं समीकरण माणूस मनाशी बांधतो. मग त्यांनी या लोकांना युवक संघटनांत, प्रौढांच्या वर्गांत, वाचनालयांत बिनपगारी काम करायला पाठवलं. पोटातली भूक तेवढीच राहिली, पण मनावरचं मळभ हटलं.

आता परत घरी. २०१२-१३चा दुष्काळ सगळ्यांना आठवतो. जालना तेव्हा राज्यात सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत होतं. आपल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. मोसंबीचं झाड म्हणजे कपाशी नव्हे, की यंदा गेली तर पुढच्या वर्षी पुन्हा लावू. फळ धरायलाच चार-पाच वर्षं जातात. आपल्या वर्गातल्या एका मित्राने टँकरचं पाणी विकत घेऊन झाडं जगवायचा प्रयत्न केला आणि शेवटी स्वतःच कुऱ्हाड लावली. तो आज इथे बसला आहे आणि हे सांगायची परवानगी त्यानेच दिली आहे. कर्जाचा हिशेब त्याला मांडता येत होता. सकाळी उठून जायचं कुठे, ते कळत नव्हतं. बाग होती तेव्हा पहाटे पाचला पाय आपोआप तिकडे वळायचे.

त्याच उन्हाळ्यात गावाने त्याला टँकरच्या खेपांची वही सांभाळायला सांगितलं. खेप किती वाजता आली, कोणत्या वस्तीला किती पाणी गेलं, कोण राहिलं. मोबदला शून्य आणि भांडणं रोजची. पण लोक त्याच्या दारात येऊन त्याला विचारायला लागले. तो म्हणतो, त्या वहीने मला धरून ठेवलं. कर्ज फिटायला पुढे बरीच वर्षं लागली.

आपल्या जिल्ह्यात याचं मोठं उदाहरणही आहे. आपण शाळेत होतो त्याच सुमारास कडवंचीत पाणलोटाचं काम सुरू झालं. खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र आणि विजयअण्णा बोराडे त्यामागे होते. इंडो-जर्मन कार्यक्रमाचा पैसा होता, पण गावाने श्रमदान करायचं ही अट होती. आधी बांधबंदिस्ती, नाल्यांची कामं, मग शेततळी, मग द्राक्षं. २०१२चा दुष्काळ कडवंचीलाही आला, तरी तिथल्या द्राक्षबागा उभ्या राहिल्या. तिथे पाणी अडलं हे तर खरंच. पण माझ्या बांधाचं पाणी खालच्याच्या विहिरीला जातं, हे गावाला कळलं, म्हणजेच आपली एकमेकांना गरज आहे हे कळलं. जालना शहरातही लोकांनी घाणेवाडी जलसंरक्षण मंचातर्फे निजामकाळातल्या त्या तलावाचा गाळ काढायला घेतला. शहराला पाणी पाजणारा तलाव आपला आहे, ही आठवण त्या कामाने परत आली.

जगाच्या संकटांशी याचा संबंध इथे येतो. ज्याला घरात, गावात, कामात अर्थ सापडत नाही, तो माणूस रिकामा राहत नाही. तो काहीतरी धरतोच. कुणी बाटली धरतो. कुणी कर्ज काढून लग्नात डीजे लावतो, कारण निदान एक दिवस गाव आपल्याकडे बघेल. शेती करतो म्हणून पस्तिशीपर्यंत ज्याचं लग्न जमत नाही, त्या पोराला कुठलाही झेंडा हातात देणारा आणि समोर कुणीतरी शत्रू दाखवणारा माणूस देवासारखा वाटतो. मंदीने युरोपातल्या बेकारांना असंच पोकळ केलं आणि त्या पोकळीत हिटलरच्या घोषणा भरल्या गेल्या. याहोडांना देश सोडावा लागला, फ्रँकल छावणीत गेले. हवामान बदलाचंही तसंच आहे. ‘माझ्या एकट्याने काय होणार’ असं म्हणणारी कोट्यवधी माणसं जमली, की संकट आपोआप मोठं होतं.

माझं क्षेत्रही यातून सुटलेलं नाही. २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं. तेव्हापासून आमच्या क्षेत्रातली चाळिशी-पंचेचाळिशीतली माणसं जेवणाच्या सुट्टीत एकच विषय बोलतात. घराच्या हप्त्याची काळजी आहेच, पण तिच्याखाली दुसरी काळजी आहे : वीस वर्षं जे शिकलो ते यंत्र दोन मिनिटांत करतं, मग मी कोण? पोकलेन आल्यावर खडी फोडणाऱ्याला जो प्रश्न पडला असेल, तो आता आम्हाला पडला आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, नाहीतर माझं बोलणं गोड उपदेश होईल. अर्थाने पोट भरत नाही. शेतकऱ्याला भाव हवा, विमा वेळेवर हवा, पाणी हवं. ते न देता ‘मन खंबीर ठेवा’ सांगणं ही चेष्टा आहे. बहात्तरला आजीच्या हजेरीला अर्थ होता, कारण त्या हजेरीमागे मजुरी होती.

मग आपण काय करायचं? आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सुप्रभात, वाढदिवस आणि श्रद्धांजली एवढंच चालतं. माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली, जो मित्र ग्रुपवर गप्प झाला आहे, त्याला फोन करा. त्याला सल्ला देऊ नका, त्याच्याकडे काम मागा. ‘तुझ्याकडून हे करून हवंय’ या वाक्यात फार ताकद असते.

दुसरी, आपल्या निवृत्त सर आणि बाईंना आपण सत्काराला बोलावतो, शाल देतो आणि घरी सोडतो. त्यापेक्षा त्यांना शनिवारी दोन तास शाळेत बोलावू. गणितात अडलेली मुलं आजही आहेत. संगणकाचा तास मी ऑनलाइन घेईन, महिन्यातून एकदा इथे येऊन घेईन.

तिसरी, कुणी फारच खचलेलं दिसलं तर एकट्याने ओढायचा हट्ट करू नका. गावातल्या आशाताईंना सांगा. प्रेरणा प्रकल्पात त्या अशा घरांपर्यंत जातात. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. मनाचा डॉक्टर म्हणजे वेड्यांचा डॉक्टर, हे आता आपल्या पिढीने तरी सोडावं.

शनिवारच्या वर्गासाठी नावं लिहायला बाहेर चहाच्या टेबलावर वही ठेवली आहे. वही सांभाळायला आपला मोसंबीवाला मित्र बसणार आहे. त्याच्या वहीत खाडाखोड चालत नाही, हे ध्यानात ठेवा.