घरातील बुरशी : शोध व निवारण
(शिक्षक-संमेलनातील भाषण)



आषाढ-श्रावणात कोकणपट्टीत व घाटमाथ्यावर बंद खोलीचे दार उघडताच जो कुबट वास येतो, तो पावसाळी हवेचाच वास असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो बुरशीचा वास होय. ट्रंकेतील लुगड्याला, तसबिरीमागील पुठ्ठ्याला, शाळेच्या कपाटातील जनरल रजिस्टरालाही तोच वास येतो. डोळ्यांना डाग दिसण्यापूर्वी नाकाला बुरशी कळते. म्हणून शोधाचा आरंभ नाकापासून करावा.

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र व सर्वकाळ असतात. त्यांना घराबाहेर ठेवणे कोणासही शक्य नाही. मात्र ओल मिळाल्यावाचून ते रुजत नाहीत. ओल तशीच ठेवून भिंतीला रंग देणारा गृहस्थ पुढील आषाढात पुन्हा रंग आणावयास निघतो. तेलरंग लावल्यास तर भिंतीतील ओल आतच कोंडते व पापुद्रे सुटतात.

भिंतीवरील प्रत्येक डाग बुरशीचाच असतो असे नाही. पायाजवळ जे पांढरे, भुसभुशीत पीठ सुटते, तो बहुधा लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर चढलेला क्षार असतो. त्यावर पाणी शिंपडले की तो विरघळतो. बुरशी विरघळत नाही. चुलीजवळील काळेपणा काजळीचा की बुरशीचा हे पाहावयाचे असल्यास ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचा एक थेंब लावावा. बुरशीचा डाग थोड्या वेळाने फिका पडतो, काजळी तशीच राहते. आता ओल कोठून येते ते पाहावयाचे. प्लास्टिकचा वीतभर तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने भिंतीस घट्ट बसवावा व दोन दिवसांनी पाहावा. भिंतीकडील अंगास पाणी धरले असेल तर ओल भिंतीतून येत आहे. खोलीकडील अंगास धरले असेल तर ती घरातील हवेची आहे. हा प्रयोग सातवीची मुले वर्गात सहज करतात, आणि वर्गात केलेला प्रयोग मुले घरी जाऊन करून पाहतात, हा शिक्षकांच्या नित्य अनुभवातला भाग आहे.

भिंतीतील ओलीची कारणे बहुधा घराबाहेरच सापडतात. फुटके कौल, पायाशी पडणारे पागोळ्यांचे पाणी, भिंतीला टेकून रचलेली लाकडे किंवा लोटलेली माती. कौल बदलावे, पागोळ्यांच्या पाण्याला चर काढून द्यावा, लाकडे दूर हलवावीत. हवेतील ओल असल्यास माजघरात वाळत घातलेले कपडे पडवीत न्यावेत, उघडीप मिळताच दारे-खिडक्या समोरासमोर उघडाव्यात, कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे. घर सुकविण्यासाठी बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कधीही ठेवू नये. तिच्या विषारी वायूने निजलेली माणसे उठत नाहीत.

एवढे झाल्यावर डाग काढावयाचे. कोरडी बुरशी झाडूने झाडल्यास तिचे बीजाणू घरभर उडतात. म्हणून नाकातोंडावर फडके बांधून ती प्रथम ओली करावी, साबणाच्या पाण्याने घासावी, भिंत पुरी सुकू द्यावी आणि मगच चुना द्यावा. ब्लीचिंग पावडर वापरल्यास तीत ॲसिड किंवा दुसरे कोणतेही सफाईचे औषध मिसळू नये. त्यातून घातक वायू निघतो. ओल धरलेल्या वह्या-पुस्तके सावलीत वाऱ्यावर सुकवून मऊ ब्रशाने बाहेर अंगणात झटकावीत. कपाटात कडुनिंबाचा पाला ठेवण्याची चाल कसरीसाठी ठीक आहे, ओलीवर तिचा उपाय चालत नाही.

दमा असलेल्या मुलास बुरशीच्या खोलीत धाप लागते. पावसाळाभर खोकणाऱ्या मुलाला डॉक्टरकडे पाठवावेच; पण ते घरी कोणत्या भिंतीशी निजते, हेही एकदा विचारावे. अंथरूण दुसऱ्या बाजूला हलविणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

याहून कठीण प्रश्न धान्याचा आहे. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत पिकावर अवेळी पाऊस झाला व मका बुरसला. घरात दुसरे धान्य नसल्याने आदिवासी कुटुंबांनी तोच खाल्ला. सुमारे चारशे माणसांना कावीळ झाली व शंभरावर दगावली; त्याच घरांतील कुत्रीही मेली. त्या बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन, मक्याप्रमाणे भुईमुगातही होते. ते धुतल्याने जात नाही व शिजवल्यानेही नष्ट होत नाही. बुरसलेले धान्य गुरांना घालावे म्हटले, तर ते विष दुधात उतरते. धान्य टाकून द्या, हे गरिबाच्या घरी सांगणे जड आहे. म्हणून ते सांगण्याची पाळी न येईल असे आधी पाहावे. कणगीत भरण्यापूर्वी दाणा दाताखाली कटकन फुटेल इतका वाळवावा, काळपट व सुरकुतलेले शेंगदाणे निवडून काढावेत.

शाळेतील पोषण आहाराच्या तांदळालाही हाच नियम आहे. पोती फळ्यांवर व भिंतीपासून हातभर दूर रचावीत, जुने पोते आधी काढावे. पोत्याचे तोंड सोडताच कुबट वास आला, तर त्यातील तांदूळ शिजवू नये. ते बाजूला ठेवून नोंदवहीत तसे लिहावे व त्याच दिवशी केंद्रप्रमुखांस कळवावे.