मागायला कोण जाणार?



गेल्या वर्षी याच केंद्रावरून मी आमच्या घरच्या उधारीच्या वहीची गोष्ट सांगितली होती. आई वाण्याकडे स्वतः जायची नाही, मला पाठवायची. मी आठ वर्षांची. ‘आईनं पावशेर तेल सांगितलंय, लिहून ठेवा’ एवढंच म्हणायचं. वाणी आधी मागची बाकी मोठ्यानं वाचायचा, दुकानातल्या चौघांना ऐकू जाईल अशी, आणि मग तेल मापायचा. कार्यक्रम लागला तेव्हा आई शेजारणीकडं बसून ऐकत होती. त्यानंतर आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ‘चाळीस वर्षं झाकून ठेवलं, आणि तू माइकवर मांडलंस,’ एवढंच म्हणाली.

तेव्हापासून एक पुस्तक माझ्या डोक्यात आहे. भाचीनं आणलेलं, इंग्रजी. शब्दकोश शेजारी ठेवून महिनाभर वाचलं. नाव ‘अँजेलाज ॲशेस’, म्हणजे अँजेलाची राख. लिहिणारा फ्रँक मॅकोर्ट. आयर्लंडमधल्या लिमेरिक गावात 1930 आणि 40च्या दशकांत त्याचं लहानपण गेलं. अँजेला ही त्याची आई. पुढं तो अमेरिकेत शाळामास्तर झाला, पोरांना शिकवत निवृत्त झाला, आणि पुस्तक आलं 1996 साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. दुसऱ्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं.

घर कसलं होतं? एका गल्लीत, आणि सगळ्या गल्लीचा संडास यांच्या दाराशी. पावसाळ्यात खालची खोली पाण्यानं भरायची, मग सगळं बिऱ्हाड वरच्या खोलीत. त्या कोरड्या खोलीला ते गमतीनं ‘इटली’ म्हणायचे. अँजेलाला सात मुलं झाली. मुलगी अमेरिकेत असतानाच तान्ही गेली. लिमेरिकला परतल्यावर काही महिन्यांच्या अंतरानं जुळे दोघेही गेले. चार राहिले.

आता तुम्ही म्हणाल, गरिबी तर आपणही पाहिलीय, लांबच्या देशातली कशाला सांगतेस? सांगते. या पुस्तकात भुकेपेक्षा जास्त पानं मागण्यावर गेलीत, असं मला वाटलं. मोजली नाहीत मी, पण वाचताना दर थोड्या वेळानं अँजेला कुणाच्या तरी दारात उभी दिसते. धर्मादाय संस्थेच्या लोकांसमोर ती उभी राहते, ते विचारतात आणि तिला उत्तरं द्यावी लागतात, तेव्हा कुठं वाण्याच्या दुकानाची चिठ्ठी मिळते. सरकारी मदतीच्या कचेरीत तेच. शेवटी शेवटी तर पाद्र्यांच्या घराच्या दारात, त्यांच्या जेवणातलं उरलंसुरलं मिळावं म्हणून गर्दीत थांबलेली. तिथं मुलगाच तिला पाहतो आणि शरमेनं मेल्यासारखा होतो.

आणि नवरा? तो कामाला जायचा तेव्हा मजुरी दारूच्या गुत्त्यात. काम नसलं की बेकारीचा भत्ता, तोही तिथंच. धाकटा ॲल्फी जन्मला तेव्हा त्याच्या आजोबांनी बाळासाठी पाच पौंड पाठवले. ते पैसे घेऊन बाप बाहेर पडला तो आलाच नाही. अँजेलानं फ्रँकला गुत्ते धुंडाळायला पाठवलं. पोर दारोदार बापाला शोधतंय आणि बाळाच्या पैशांची दारू चाललीय.

पण या बापाला मानपान फार! रस्त्यावर पडलेले कोळसे तो उचलायचा नाही, शोभत नाही म्हणून. सामानाची पिशवी हातात धरायचा नाही. नाताळच्या जेवणासाठी त्यांना डुकराचं मुंडकं मिळालं, ते रस्त्यानं घरी आणायचं कुणी? पोरानं. बाप हात लावायला तयार नाही. कोळसे वेचायला गेली कोण? अँजेला आणि तेच पोर. मला इथं थांबावंसं वाटलं, कारण अब्रू पुरुषाची आणि ती सांभाळायला हात पसरायचे बाईनं, हे मी काही लिमेरिकला जाऊन पहिल्यांदा पाहिलं नाही.

दुसरं महायुद्ध चालू झालं तेव्हा आयर्लंडचे पुष्कळ बाप इंग्लंडच्या कारखान्यांत गेले. शनिवारी पैशांची तार यायची. गल्लीतल्या बाया दारात उभ्या, तारवाला पोरगा सायकलवरून यायचा. फ्रँकचा बापही कॉव्हेंट्रीला गेला होता. मॅकोर्टांच्या दारात ती सायकल फारशी थांबलीच नाही. पुढं चौदाव्या वर्षी फ्रँक स्वतःच पोस्टात तारवाला पोरगा झाला आणि तसल्याच गल्ल्यांतून दुसऱ्यांच्या घरी तारा पोचवू लागला.

बापाला शिव्या घालून मोकळं होता येत नाही, हेही सांगते. पहाटे पोरांना मांडीवर घेऊन गोष्टी सांगणारा बापही तोच. फ्रँकला तो आवडायचा. पण पैसा बापाच्याच हातात पडायचा, आणि तो तसाच पडावा हे काही एका घरातलं खूळ नव्हतं, तशी देशाचीच रीत होती. 1944 साली आयर्लंडच्या सरकारनं मुलांसाठी भत्ता चालू केला, तिसऱ्या मुलापासून पुढं दर मुलामागं आठवड्याला अडीच शिलिंग. पैसे मुलांचे, पण कायद्यानं हक्कदार ठरला बाप. ते बदलून आईच्या नावावर व्हायला 1974 साल उजाडावं लागलं. तीस वर्षं! गर्भनिरोधकांच्या विक्रीला 1935 पासून बंदी, आणि घटस्फोट तर 1995 सालच्या सार्वमतानंतर मिळू लागला. अँजेलानं कुठं जायचं होतं?

खेड्यात थोडं वेगळं होतं. तिकडच्या शेतकरणी कोंबड्या पाळायच्या आणि अंड्यांचे पैसे बाईचे, असा रिवाज होता. त्यातून चहा-साखर यायची, पोरांचे बूट यायचे. हे वाचलं आणि मी भाचीला म्हटलं, अगं, ही तर आमची आजी! आजीच्या अंड्यांच्या पैशांना आजोबांनी कधी हात लावला नाही. शहरातल्या गल्लीत कोंबडी पाळायला जागा कुठली?

क्रिस्टी ब्राउन नावाच्या डब्लिनच्या मुलाचीही आत्मकथा आहे, ‘माय लेफ्ट फूट’, 1954 सालची. शरीर साथ देत नव्हतं, एक डावा पाय तेवढा ऐकायचा. त्याच्या आईला बावीस मुलं झाली, जगली तेरा. याला लिहायला-रंगवायला स्वतंत्र खोली हवी म्हणून परसात ती स्वतःच विटा रचायला लागली. नवरा गवंडी होता! तिची ती वेडीवाकडी भिंत पाहून मग तो कामाला लागला. ते पान मी दोनदा वाचलं, हसू आलं म्हणून.

पण मला अँजेलाकडं परत यायचंय. पुस्तक यायच्या पुष्कळ आधी फ्रँक आणि त्याचा भाऊ मॅलकी दोघं मिळून न्यूयॉर्कला रंगमंचावर आपल्या लहानपणाच्या गमती सांगायचे. एकदा म्हातारी अँजेला प्रेक्षकांत बसली होती. ती भर कार्यक्रमात उठली आणि ओरडली, की हे सगळं खोटं आहे. 1981 साली ती वारली. त्यानंतर पंधरा वर्षांनी पुस्तक आलं. लिमेरिकची बरीच माणसंही चिडली, गावाची बदनामी केली म्हणून.

खोटं होतं का? मला तसं वाटत नाही. तिनं जन्मभर त्या दारांतली उभी राहणी गिळली होती आणि पोरांनी ती दिव्याखाली आणली. पोरांनी सांगितलं नसतं तर तिच्या नवऱ्याचं आणि त्या कचेऱ्यांचं वागणं कुणाला कळलं असतं? तरी ती उठून ओरडली, हेही खरं. मी दोन्ही बाजूंनी विचार करते आणि अडकते.

म्हणून या वेळी हे भाषण आईला आधी वाचून दाखवलं. तिनं तांदूळ निवडत ऐकलं. वाण्याचं येऊ दे म्हणाली, ‘पण पावशेर नाही, अर्धा पावशेर तेल असायचं. सांगायचं तर नीट सांग.’ मग थोड्या वेळानं म्हणाली, ‘त्या बाईला पोरांनी आधी विचारायला पाहिजे होतं.’ आणि सूप खाली ठेवत, ‘त्या मुंडक्याचं काय केलं गं त्यांनी? शिजवलं का?’

शिजवलं, म्हटलं. कोबी आणि बटाट्यांबरोबर.